गिव्ह अपचे सगळे अर्थ

सर, आज नातीनं 'गिव्ह अप' म्हणजे काय, विचारलं आणि मी ताडकन खुर्चीतून उठले. ती हसून हसून बेजार. तिला काय ठाऊक, तुम्ही इंग्रजी अंगानं शिकवायचात! तपकिरीची डबी खिडकीबाहेर भिरकावलीत की ते सवय सोडणं. तास संपला की तीच डबी गवतात शोधत फिरायचात. मनगटं जोडून उभं राहणं म्हणजे पोलिसांच्या हवाली होणं. मग हार मानणं, एखाद्याची आशा सोडणं, आपली खुर्ची दुसऱ्याला देणं. "एकच अर्थ सांगून जो बसला, तो मॅट्रिकले बसलाच नाही समजा," म्हणायचात.

महाराष्ट्र नुकताच झालेला. मी अकरावीत, परीक्षा तोंडावर, आणि बाबांनी देऊळगाव राजाच्या आमच्या घरी चिखलीचं स्थळ बोलावलं. जमलं की शाळा बंद, हे ठरलेलंच. मी पाटावर बसले आहे, मान खाली. मुलगा खुर्चीवर, शेजारी त्याचे मामा, कचेरीत कारकून. सुई ओवून झाली, चालून दाखवून झालं. मग मामांनी मिशीवरून हात फिरवला. "इंग्रजी शिकता म्हणे. गिव्ह अप म्हणजे काय, सांगा बरं." मी उभी राहिले. एक सांगितला, दुसरा सांगितला, मनगटं जोडून दाखवली. खुर्चीचा अर्थ आला तशी मी मुलाकडं वळून म्हणाले, "उठा बरं जरा." आणि तो उठला की हो! गुपचूप, वर्गातल्यासारखा. मामा लालबुंद. "बस खाली बे!" त्यांनी त्यालाच झापलं, आणि पोह्यांच्या बश्या तशाच टाकून मंडळी चालती झाली.

संध्याकाळी तुम्ही आलात, तर बाबा ओसरीवरूनच गरजले, "काऊन आले, मास्तर? तुमच्या इंग्रजीपायी माही पोरगी घरात राह्यली!" तुम्ही पायरीखाली उभे, टोपी हातात. मी दाराआड. तेवढ्यात आई चुलीपासून उठून आली. बाबांपुढं कधी तोंड न उघडणारी माझी आई म्हणाली, "राह्यलीच हाये घरात, तं परीक्षा देऊ द्या तिले." बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्यालाच होकार म्हणत. निघताना तुम्ही हळूच विचारलंत, "भ्याली होती काय व, पोरी?" मी म्हणाले, "नाही, सर."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हा कागद कुठल्या पेटीत टाकू? तरी सांगून टाकते. भ्याले होते, सर, फार भ्याले होते. अर्थ तर सगळे तोंडपाठ होते. मामा खूश व्हायला लागले होते, मान डोलवत होते, त्याची भीती वाटली. म्हणून तर त्या मुलाला उठवलं.