तडकलेले तीन तुकडे

प्रिय आई, वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना बाबांचा हात धर, लाजू नकोस.

कृत्रिम गुडघ्यासाठी आम्ही बनवलेल्या नव्या प्लास्टिकचे दहा तुकडे मी यंत्रावर लाखो वेळा दाबले. तीन तडकले. साहेब म्हणाले, “सातांचंच लिही.” मी दहाही लिहिले आणि सही करून अहवाल थेट त्यांच्या वरिष्ठांना दिला.

तेव्हापासून मला प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला बसवलंय. हातांची थोडी आग होते, इतकंच. अचानक घरी आले तर घाबरू नकोस.

काल साहेब म्हणाले, “सही मागे घे, यंत्र परत देतो.”

मी म्हटलं, “अजून भांडी असतील तर आणा.”

तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक