बालाजीशी भांडण

कोटागिरी,
दि. ९ ऑगस्ट १९९८

चि. गुंजन हिले धीरजदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र भेटलं. आई जाऊन वर्ष झालं, तरी बाबा दुकान उघडत नाई, भिंतीकडं तोंड करून पडून राह्यतेत, बालाजीपुढं दिवाही लावत नाई, हे वाचून माह्यं डोकं घाटातल्या जीपसारखं गरगर करून राह्यलं. फोन केला तर बाबा शेजारच्या बबनरावच्या घरापर्यंत येत नाई, मंग पत्राशिवाय मी तरी काय करू?

आत्याले आधी सांग, माह्यं नाव डेव्हिड नाई झालं. मी धीरजच आहो. मिशनच्या घरची जीप चालवतो, गव्हाऐवजी भात खातो, बाकी सगळं जागेवर आहे. या घराले समुपदेशन केंद्र म्हणतेत. तो शब्द लिहायलेच मले दोन कागद लागले. लोकं इथं मनाचा भार घेऊन येतेत, एस्तेरताईपाशी बसतेत, रडतेत, अन् चहा पिऊन जातेत. एस्तेरताई आपल्या मराठीच आहेत, राहुरीकडच्या. मी ट्रकवरून पळून इथं तमिळ मुलखातल्या बाजारात उभा होतो, हमालाले मराठीत शिवी देली, ती ऐकून त्यायनं मले कामावर ठेवलं. म्हणाल्या, किती दिवसांनी कानावर मराठी पडली. सातवीतून पळालेला, गिरणीतून पळालेला मी, पण या बाईपासून पळावं वाटलं नाई.

कोणी आलं की त्या आधी विचारतेत, प्रार्थना केली तर चालन का. नको म्हटलं तर मनातल्या मनात करतेत. येशूचं नाव त्या सोता घेतेत, पुढच्यानं घ्यावं असा हट्ट नाई.

बाबाचं सांगितलं, औषध द्या म्हटलं. तर म्हणाल्या, न पाह्यलेल्या माणसाले मी पोस्टानं औषध देत नाई, आधी डॉक्टरले दाखवा. पाय मोडला तर आम्ही प्रार्थनाही करतो अन् प्लास्टरही लावतो, मन का पायाहून हलकं आहे? मी जीप काढली. मंग घाट उतरताना त्यायनं सोताचं सांगितलं. जीपमधलं बोलणं जीपमध्येच ठेवाचं असा नियम आहे, पण बाबासाठी तोडतो.

त्यायचे मालक मास्तर होते, तरणेताठे गेले. ताईच्या तोंडातून प्रार्थनाच निघे ना. सगळे म्हणत, देवाची इच्छा, मान्य कर. एक सासूच तेवढी वेगळी निघाली. म्हणाली, आपल्या शास्त्रात, बायबलात, देवाशी भांडणाऱ्यायची गाणी आहेत, अन् ती कोणी कापून नाई टाकली. तू पण भांड. मंग ताई रोज भांडी घासता घासता देवाले सुनावत. एका पातेल्याले त्या भांडणाचा पोचा अजून आहे. देवानं उत्तर नाई देलं, पण ताईले झोप लागाले लागली.

हे बाबाले वाचून दाखवजो. अन् तू जेवत जाजो. माह्यी माया आहेच, तूही तिकडून पाठवत राह्य.

तुहा दादा,
धीरज


हिंगणघाट,
दि. २० ऑगस्ट १९९८

ती. धीरजदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. बाबानं पहिल्यांदा भिंतीकडून तोंड फिरवलं. विचारलं, त्या बाईनं देवाले एवढं सुनावलं अन् देवानं तिचं काहीच वाकडं केलं नाई? मी म्हटलं, बाबा, ती बाई मजेत जीपमध्ये बसते अन् आपला धीरज चालवतो, याच्याहून वाकडं काय होणार. बाबा हसले नाई, पण उठून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबानं आपल्या हातानं आंघोळीचं पाणी काढलं. बालाजीच्या फोटोपुढं बसले. दिवा नाई, फूल नाई. अन् सुरू झाले. दादा, नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याशी बोलतेत ना, तसेच. म्हणे, नमुना एक दाखवला अन् माल दुसराच पाठवला. आईचं नाव घेऊन म्हणे, मंदा देली, म्हटलं म्हातारपणापर्यंत पुरन, तर अर्ध्यातूनच परत उचलून नेली, एका शब्दानं विचारलं नाई. तक्रार कोणाकडं करू, पेढीही तुहीच अन् कचेरीही तुहीच. मी पोळ्या लाटत होती. आधी हसू आलं, अन् मंग कणकेतच डोळे गळाले लागले.

आता रोज सकाळी हेच. बबनराव तोंडात दंतमंजन घेऊन आपल्या भिंतीपाशी उभे राहतेत अन् चूळ भरायचं विसरून जातेत. काल म्हणाले, मधुकरराव हातचे गेले, रोहण्याहून मांत्रिक बोलावतो. आत्या कानावर हात ठेवते, पण उठून जात नाई. तिच्यामते हे सगळं त्या किरिस्तावबाईनं पत्रातून पाठवलं आहे. मले भीती वाटते दादा. हे बरं होणं आहे, का बिघडणं?

जेवतेत आधीपेक्षा दोन घास जास्त. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतेत, मी काय पागल आहो? अन् दुकानाचं नाव काढलं की उठून आत जातेत. परवा दुकानाची किल्ली माझ्या हातात देली, म्हणाले, लपवून ठेव, मले दिसन अशी ठेवू नको. मी म्हटलं, बाबा, धंद्यातून एवढं मन उडालं काय?

तू थंडीत कान बांधत जा. तुझा जीव आमच्यावर आहे तो असाच राहू दे.

तुझी,
गुंजन


कोटागिरी,
दि. ३१ ऑगस्ट १९९८

चि. गुंजन हिले आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर ताईच बोलल्या, माह्या वाट्याले काही आलंच नाई, म्हणून लिहून राह्यलो. बबनराव हॅलो हॅलो करण्यात अन् पाऊसपाणी विचारण्यात अर्धा वेळ खाऊन गेले ते वेगळंच.

झालं असं. तुहं पत्र मी ताईले जीप चालवता चालवता सांगून राह्यलो होतो, हसत हसत. नमुना अन् मालावर त्यायले इतकं हसू आलं का चष्मा काढावा लागला. मंग किल्लीचं सांगितलं. तिथं हसू थांबलं. विचारलं, तुमचं दुकान कशाचं आहे रे? मी म्हटलं, दोराचं. कासरे, दावे, सुतळी. त्यायनं जीप थांबवाले लावली, अन् फिरवून सरळ फोनच्या दुकानावर नेली.

मले तवा समजलं नाई. फोनवरचं ऐकलं तवा समजलं.

त्यायनं तुले जे सांगितलं ते मी बाजूले उभा राहून ऐकलं. बाबाजवळ बस, अन् फिरवून-फिरवून नको, सरळ विचार, बाबा, जीव द्यावा वाटते काय. तू म्हणाली असशीन, असं विचारलं तर नसलेलं मनात येईन. ताई म्हणाल्या, विचारल्यानं येत नाई, आलेलं असलं तर बाहेर निघते. अन् हो म्हटलं तर त्यायले एकटं सोडू नको, त्याच दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात ने. भांडण थांबवू नको म्हणाल्या. देवाशी भांडणारा माणूस अजून कोणाशी तरी बोलते आहे. जो काहीच बोलत नाई, त्याची भीती जास्त.

मंग तुले विचारलं ना, प्रार्थना करू का? तू म्हणाली, कोणत्या भाषेत? मराठीत म्हटल्यावर तू हो म्हटलं. फोनचा मीटर पळून राह्यला होता, पण दुकानवाल्या तमिळ अण्णानंही डोळे मिटून घेतले. मीही मिटले. इतका वेळ मी एका जागी कधी उभा राह्यलो नसन.

रिसीव्हर ठेवल्यावर माह्यी हजेरी घेतली. म्हणाल्या, माझं दुःख म्हणजे खोकल्याची बाटली नाही, कोणालाही दोन चमचे पाजायला. मला विचारून लिहायचं होतंस. मी मान खाली घातली. पुढं म्हणाल्या, आता लिहिलंच आहेस तर पातेल्याचा पोचा कुठं आहे तेही लिही, बुडाशी आहे.

काय झालं ते लवकर कळवजो. बाबा हो म्हणाले का नाई, एवढं पहिल्या ओळीत लिहजो. इथं तुमच्यावरच जीव टांगून बसलो आहो.

तुहा दादा,
धीरज


श्री

हिंगणघाट,
दि. १५ नोव्हेंबर १९९८

चि. धीरज यास मधुकररावचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

गुंजननं तुले पहिल्या ओळीत कळवलंच आहे. बाकीचं म्हणते, बाबा, तुम्हीच लिहा. म्हणून लिहितो.

पोरीनं विचारलं, मी हो म्हटलं. इतके महिने तो शब्द गळ्याशी अडकून होता. तुले वाटलं असन, बायको गेली, धंद्यातून मन उडालं. तसं नव्हतं. आपलं दुकान दोराचं. गादीवर बसलो की नजर वर जाये, अन् वरच राहे. मी माह्याच मालाले भेलो होतो. म्हणून कुलूप लावलं. घरात किल्लीचीही भीती वाटाले लागली, म्हणून तेही पोरीजवळ देली. पोरीनं विचारलं त्याच दिवशी सेवाग्रामले गेलो. डॉक्टर भला माणूस. गोळ्यायनं जांभया येतेत, पण सकाळ आता पहिल्यासारखी अंगावर येत नाई. दिवाळीनंतर दुकान उघडलं. तुही आत्या अनुसया मुद्दाम येऊन दिवसभर गादीशेजारी बसते. मले सांभाळाले येते म्हणते, पण गिऱ्हाईकाशी घासाघीस करून त्यायलेच पळवून लावते.

बालाजीशी माह्यं चालूच आहे. अजून उत्तर नाई. तसं मी एस्तेरबाईले कार्डावर कळवलं, का तक्रार मिटली नाई. त्यायचं उत्तर आलं, न मिटो, व्यवहार तोडू नका. बाई व्यापाऱ्याच्या घरातली असावी. त्यायचा देव त्यायचा, माहा माहा, पण बोलणं पटलं. दिवा लावाले लागलो.

आता खरी गोष्ट. मागच्या मंगळवारी नत्थूजी दुकानात आला. तुले आठवत असन, गिरणीत जमादार होता, दसऱ्याले त्याची बायको गेली. म्हणे, एक कासरा द्या, मजबूत. मी उठलोही होतो. मंग मनात आलं, याच्याकडं बैल कधीच नव्हता, गाय होती ते विकून झाली. अन् नत्थूजी वर पाहून राह्यला होता. मी पाहत होतो, त्याच जागी.

मी म्हटलं, दोर संपला.

डोक्यावर बंडलं लटकून होती. नत्थूजीनं ती पाह्यली, माह्याकडं पाह्यलं. या गादीवर बसून मी मालाबद्दल कधी खोटं बोललो नाई, अन् पहिल्यांदा बोललो ते असं आंधळ्यालेही दिसन असं. मंग त्याच्याजवळ जाऊन मी सरळ विचारलं, पोरीनं मले विचारलं होतं तसंच. नत्थूजीनं मान हलवून हो म्हटलं, अन् बारदान्यावर बसला. अनुसयानं उठून दुकानाचं शटर अर्धं खाली केलं, समोरून चहा आणला, अन् जन्मात पहिल्यांदा एक शब्दही बोलली नाई. रात्रभर त्याले आपल्या घरीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याले घेऊन सेवाग्रामले निघालो. बसमध्ये त्याले भांडणाची रीत सांगितली. तो लाजला. म्हणे, तुम्ही व्यापारी, तुम्हाले बोलता येते, मी गिरणीतला माणूस, देवापुढं काय बोलू? म्हटलं, गिरणीतलंच बोल. वायगावच्या अलीकडं एकदम सुरू झाला. पाळी संपायच्या आधी भोंगा काऊन वाजवला, म्हणे. चालती मशीन बंद करायले कोणी सांगितलं होतं तुले? आवाज चढत गेला. सगळी बस मागं वळून पाहाले लागली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला, कोणाशी भांडण चाललं आहे, विचाराले लागला.

मी म्हटलं, बाप्पा, आमचं घरचं आहे. तुम्ही तिकिटं फाडा.

इकडं सर्व क्षेम. तिकडं तुले करमत असन तर राह्य, पण पळायचंच झालं तर एकदा घराकडं पळजो.

तुझा,
बाबा