विहीणबाईंच्या मानाच्या साडीबद्दल खुलासा

पांडेसरा, सुरत

तीर्थरूप रघुनाथमामांना चेतनचा साष्टांग नमस्कार. (फोनवर बोलायला तोंड नाही, म्हणून कागद धरला.) मामींचे गुडघे कसे आहेत? शिरपूरला ऊन फार असेल. आम्ही इथे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

गायत्रीच्या साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईंना, कलाबाईंना, सख्खा भाऊ म्हणून मी सुरतेहून आणलेली मानाची साडी दिली. त्यांच्या लेकीने ती तिथल्या तिथे मोबाईलवर शोधली, तर माझ्याच मोबाईलवरच्या दुकानाच्या एका पानावर ‘मानाची’ आणि दुसऱ्या पानावर तीच साडी ‘देण्याघेण्याच्या साड्या, गठ्ठ्याने मिळतील’ म्हणून निघाली. फोटोही तोच, आणि त्यात तुमची भाचेसून वर्षा नेसून हसतेय तीही तश्शीच. “आमनी लायकी इतलीच शे का?” एवढंच कलाबाई म्हणाल्या, साडी पाटावर ठेवली आणि न जेवता उठल्या. लग्नाची तारीख ठरायची राहिली ती राहिलीच. मी तेव्हा आचाऱ्याशेजारी उभा राहून उगाच वरण ढवळत होतो.

तुम्ही विचारलंत, दुकान एक तर साडीला नावं दोन कशी? तर मामा, या नव्या पद्धतीला हेडलेस म्हणतात. (मामींना सांगा, भुताखेताचं काही नाही.) पूर्वी मोबाईलवरच्या दुकानाचा दर्शनी भाग आणि गोदाम एकाच भिंतीत चिणलेले असायचे, पाटी बदलायची तर भिंत फोडा. आता दोन्ही सुटे. मागे एकच गोदाम: कुठली साडी, किती शिल्लक, भाव काय, फोटो कोणता. पुढे मात्र हवी तेवढी दुकानं मांडा, एक व्यापाऱ्यांसाठी गुजरातीत, एक आपल्या खानदेशी माणसांसाठी मराठीत. गिऱ्हाईकाने बोट लावलं की पुढचं पान मागे विचारतं, मागून उत्तर येतं. मांडणी आणि पाट्या ज्याच्या त्याच्या, माल सगळ्यांचा एक. आपल्या लग्नघरात स्वयंपाक एक आणि पंगती वेगळ्या, तसंच.

म्हणजे घोळ झाला तो या यंत्रणेचा. ती बसवून देणाऱ्या लखनला मी चांगलं झापलं. तो म्हणाला, “चेतनभाई, माल तो एक ज छे ने?” (माल तर एकच आहे ना?) आणि माझ्याकडे बघतच राहिला. हल्लीच्या लोकांना जबाबदारी म्हणून नाही. तरी विहीणबाईंना ही हेडलेसची भानगड तुम्ही शांतपणे समजावून सांगावी, ही विनंती.

आपला भाचा,
चेतन

ता. क. विहीणबाईंना वरचं काही समजावू नका. लखनचं काही चुकलं नाही, यंत्रणेचंही नाही. साडी मी देण्याघेण्याच्याच गठ्ठ्यातून काढली होती. खेड्यातल्या बाईला काय कळतंय, मराठी पानावर ‘मानाची’ लिहिलं की झाली मानाची, असं मला वाटलं. मामा, हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय.

दुसरं ता. क. रविवारी येतो. मला कलाबाईंकडे घेऊन चला. एकटा गेलो तर त्या दार उघडायच्या नाहीत. तुम्ही नुसतं शेजारी बसा, बोलायचं ते मी बोलेन. गायत्रीलाही मीच सांगेन. तुम्ही सांगितलंत तर ती लगेच माझी बाजू घेईल, आणि ते मला सोसवणार नाही.