ड्रायव्हरशेजारची सीट

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, घरच्या नाही. पाकिटाच्या मागे माझं नावही घातलेलं नाही. शिपायानं आणून दिलं की शिक्षकांच्या खोलीत उघडू नकोस. प्रयोगशाळेत जा, तिथं तुझं स्वतःचं टेबल आहे असं तू मागे कळवलं होतंस. मी बरा आहे. मावशी तिच्या लेकीकडे चांगली रमली आहे. गुडघ्यांबद्दल ती तिकडच्याही सगळ्या गल्लीला सांगते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज. तिच्या इथल्या दोन खोल्यांत आता मी एकटाच असतो. खिडकीत तुझं ते निवडुंगाचं रोप अजून आहे, पाणी घालायचं विसरलं तरी मरत नाही. आधी कच्चं लिहिलं, मग हे पक्कं. तरी चुका राहिल्या असतील तर लाल पेनानं खुणा कर, पूर्वी करायचीस तशा.

सोमवारी तुझ्या दिराचा फोन आला होता. ऑफिसच्या फोनवर, आणि उचलला मी. दचकू नकोस, मी कोण ते त्याला सांगितलं नाही. फेरीबोटीवरची नोकरी सोडून मी एका पर्यटन कंपनीत लागलो, गाडीही मीच चालवतो आणि माहितीही मीच सांगतो, हे तुला लिहिलं होतं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. टपालाचं काही सांगता येत नाही, म्हणून पुन्हा सांगतो. कंपनी म्हणजे दातांच्या दवाखान्याखालची एक खोली. वरचं यंत्र सुरू झालं की आमचं गिऱ्हाईक बोलता बोलता गालाला हात लावतं. भिंतीवर किनाऱ्याचा मोठा नकाशा आहे, पण ऊन येऊन येऊन समुद्र पांढरा पडलाय आणि जमीन तेवढी हिरवी राहिली आहे. मालकीणबाई, मी आणि दुसरा ड्रायव्हर, एवढीच माणसं. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडेल असा तो आहे. पहिलवान फोनवर बोलतो ते पलीकडच्या होडीला हाका मारल्यासारखं, म्हणून माझी गाडी बाहेर नसली की फोन माझ्याकडे असतो.

तुझ्या दिरानं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. आईवडील, दादा, वहिनी आणि मी, म्हणाला. तोवर मी मनाची समजूत घालत होतो की एका आडनावाची माणसं ढिगानं असतात. मग तो म्हणाला, “आमच्या वहिनींचं बालपण तिकडंच गेलंय हो. विज्ञान शिकवतात त्या. काहीतरी थापा मारून चालायचं नाही बरं का!” आणि हसला. मी नुसतं “नाही साहेब, तसं कसं होईल” म्हटलं. त्याचा आवाज चांगला आहे, ताई. हेही मला आवडलं नाही. तो गातो असं तू लिहिलं होतंस. तुझ्या पत्रांत तो सारखा असायचाच. तुला ताप आला तर उशाशी तो, तुझी सायकल दुरुस्त करून आणणारा तो, सासूबाई काही बोलल्या की विनोद करून वेळ मारून नेणारा तो. एका पत्रात तू लिहिलंस, ‘पाठचा भाऊ असावा तसा आहे.’ ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. पाठचा भाऊ असावा तसा. अगं, पण पाठचा भाऊ होता की तुला!

मग काय काय बघायचं ते त्यानं सांगायला सुरुवात केली. खरं सांगतो, मी चूक पकडायलाच बसलो होतो. रोज पकडतो. लोक कुठंतरी वाचून येतात आणि दीपगृहावर भर दुपारी सोडा म्हणतात, मग निम्मी मंडळी त्या गोल जिन्यातच बसकण मारतात. वाळूच्या दांडीवर चालायचं असतं आणि येतात ऐन भरतीला. मग मला विचारतात, वाळू कुठं गेली, जणू मीच उचलून ठेवली आहे. तुझ्या दिरानं दीपगृह सकाळी घेतलं होतं, ऊन पाठीशी असताना. दांडीचा दिवस त्यानं भरती-ओहोटी बघून ठरवला होता. मी तक्ता काढून पडताळलं, बरोबर निघालं. खाडीतली होडी संध्याकाळची, कारण खारफुटीवर पक्षी तेव्हाच परततात. बंदरावरचा मासळीचा लिलाव पहाटेचा, पण वडिलांना थंडी बाधते म्हणून त्यांना वगळून. बेटावरच्या किल्ल्यात पायऱ्या फार म्हणून आईंसाठी त्या वेळात शिंपल्यांच्या वस्तूंचा बाजार. मला आशा होती की तो त्या घोडे आणि फुगेवाल्यांच्या चौपाटीचा हट्ट धरेल आणि मला मनातल्या मनात हसता येईल. तर म्हणाला, “चौपाटी नको हो, गर्दी बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?” हे वाक्य माझं आहे, ताई. गाडीत मी रोज म्हणतो. इतका नीट आखलेला प्रवास आमच्या ऑफिसात आजवर आलेला नाही. माझी चिडचिड झाली. एखादं माणूस सगळीच कामं चांगली करत असेल तर दुसऱ्यानं करायचं काय?

शेवटी तो म्हणाला, “अजून एक जागा आहे, ती तुमच्या यादीत नसेल.” आणि आपली ती जागा सांगायला लागला. दोन काळ्या खडकांमधून आडवं होऊन आत शिरायचं, मग ती ओंजळीएवढी वाळू, आणि ओहोटीला खडकांत राहिलेली डबकी. कुठल्या डबक्यात तारामासा असतो, पाण्यात बोट घातलं की फुलासारखं मिटतं ते काय असतं, सगळं त्याला पाठ. तू सांगितलंस त्याला. मी त्या जागेवर आजवर एकाही प्रवाशाला नेलेलं नाही. मालकीणबाईंना पत्ता लागला तर त्या उद्याच फलक लावतील, म्हणून पहिलवानालाही बोललो नाही. आणि तो ते सगळं ऑफिसच्या फोनवर मला ऐकवत होता. मी विचारलं, “तिथं एकट्यानं जाणं अवघड आहे साहेब, मॅडम कुणाबरोबर जायच्या?” म्हणाला, “एकट्याच जायच्या म्हणे. फार धीट होत्या लहानपणी.” धीट होतीसच. पण एकटी? तू गुडघाभर पाण्यात वाकून बघायचीस तेव्हा तुझ्या चपला छातीशी धरून खडकावर कोण बसायचं? लाट आली की “ताई, मागे बघ” म्हणून कोण बोंबलायचं? तू मला शेपूट म्हणायचीस, आणि शेपूट मागेच असतं, दिसत नाही, हे मला कळतं. तरी नसतं असं नाही.

मला राहवलं नाही. “माहेरचं कुणी गाडीत बसणार असेल तर आधी सांगावं लागतं,” असं मी म्हटलं. तो म्हणाला, “नाही हो, तिकडं आता कुणीच नाही त्यांचं. भाऊ आहे एक, पण तो परदेशात. इंजिनिअर झाला आणि तिकडचाच होऊन बसला. लग्नाला आला नाही, नंतर कधी फिरकला नाही. कोरडाच माणूस निघाला. पण वहिनींसमोर त्याला कुणी नाव ठेवायची सोय नाही, लगेच त्याची बाजू घेतात.” मी म्हटलं, “असतात साहेब अशी माणसं.” दुसरं काय म्हणणार? वरती दातांचं यंत्र सुरू झालं होतं, ते बरंच झालं.

मावशीनं ते सांगितलं तो दिवस तुला आठवत असेल. दाजींकडची मंडळी तुला बघायला आली होती, सगळी शिकलेली. मी नववीतून शाळा सोडलेला, बोटीवर तिकिटं फाडणारा. मावशीनं मला आतल्या खोलीत बसवलं, दार पुढं केलं आणि बाहेर जाऊन भाऊ परदेशात शिकतो म्हणून सांगून टाकलं. तू तेव्हा रिकामे कप उचलत होतीस. बशीवर कप वाजला तो मी ऐकला. तू काही बोलशील म्हणून थांबलो, मग कप आत आले. लग्नाच्या दिवशी मी बोटीवर होतो, नवा शर्ट घालून, कारण तो घेऊन ठेवलाच होता. मावशीवर माझा राग नाही, तिला तुझं भलं करायचं होतं, झालंही. पण मला वाटायचं की फार तर वर्षभर, मग तू एखाद्या दिवशी हसत हसत सांगून टाकशील. तुझा दीर तर हसलाच असता, तो त्यातला दिसतो. आता माझी गंमत बघ. दिराचा हेवा वाटतो तो वाटतोच, पण सोमवारपासून त्या परदेशातल्या इंजिनिअरचा त्याहून जास्त वाटायला लागलाय. तू त्याची बाजू घेतेस. त्याला कुणी बोललं तर भांडतेस. त्यानं तुझ्यासाठी एवढं काय केलंय गं? कधी चपला धरल्या का त्यानं?

माझ्या कामाबद्दल एक सांगायचं राहिलं. स्टेशनवरून आपल्या गावाकडे येताना डोंगर उतरताना ते वळण आहे, जिथं समुद्र पहिल्यांदा दिसतो. सगळे ड्रायव्हर आधीपासून ओरडत येतात, आता येईल बघा, कॅमेरे काढा. पहिलवान तर हॉर्नसुद्धा वाजवतो. मी वळणाच्या आधी बोलणंच थांबवतो. माहिती अर्ध्यात सोडतो, गाडी हळू करतो. लोकांना वाटतं की हा पाठांतर विसरला. कुणीतरी खोकतं. आणि वळण संपता संपता मी एवढंच म्हणतो, आता बघा. मागून येणारा तो एक श्वास ऐकायला मी हे काम करतो म्हटलं तरी चालेल. मालकीणबाईंनी विचारलं, हे कुठं शिकलास, तर म्हटलं, असंच. आई गेल्यावर बाबांनी आपल्याला मावशीकडे धाडलं तेव्हा एसटीत मी तुझ्या फ्रॉकवर, बुटांवर, सगळीकडे ओकलो होतो. तुझ्याकडे दुसरा फ्रॉक नव्हता. तू रागावली नाहीस. माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, बाहेर बघू नकोस, मग नाही मळमळणार. हात ओला होता, त्याला आंबट वास येत होता. आणि मग तू हात काढलास आणि म्हणालीस, आता बघ.

आता पत्राचं कारण. तुमची फेरी माझ्या गाडीला लागली आहे. मालकीणबाईंनी फळ्यावर लिहून टाकलं. मी एक शब्द टाकला तर पहिलवान आनंदानं बदली करेल आणि मी त्या दिवसांत दुसऱ्या बाजूला किल्ल्यांच्या फेरीवर जाईन. म्हणजे तुला मान खाली घालावी लागणार नाही, आणि तुझ्या दिरानं आखलेल्या त्या चोख प्रवासाला गालबोट लागणार नाही. सोमवारी फोन ठेवताना मी हेच ठरवलं होतं. पण ठेवायच्या आधी तो म्हणाला, “आणि हो, ड्रायव्हरशेजारची सीट वहिनींसाठी राखून ठेवा. त्यांना गाडी लागते. आम्हालाही माहीत नव्हतं, परवाच सांगितलं त्यांनी. फारच कंटाळल्या तर मध्ये मध्ये मी बसेन तिथं.” मी म्हटलं, नाही साहेब, एकदा दिलेली सीट बदलता येत नाही, कंपनीचा नियम आहे. असा काही नियम नाही. तेव्हापासून मी विचार करतोय, ताई. माझं ते पत्र तुला मिळालं होतं की नव्हतं? कंपनी तू निवडलीस की त्यानं? उत्तर लिहायला सवड झाली नाही तर राहू दे. मी बदली मागत नाही. स्टेशनबाहेर तुमच्या आडनावाची पाटी धरून उभा असेन, तू मॅडम म्हणवून घेतलंस तर मॅडम म्हणेन, वळणावर गप्प राहीन आणि पुढं काय करायचं ते तुझ्यावर सोडेन. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी तुला कधीच लागली नाही. लागायची ती मला.

सीट पुसून ठेवतो.

अजून मागेच असलेलं,
तुझंच शेपूट