आम्हा तिघींचं दुखणं

सोमवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचा पत्ता शेजारच्या शिंपीणबाईंकडून लिहून घेतला, म्हणजे माझं अक्षर बघून तू ते न फोडताच केरात टाकणार नाहीस. फोन तर तू उचलत नाहीसच. वहिनीची पाठ कशी आहे? छोटी आता कॉलेजात जायला लागली म्हणे. तुझ्याच बसने जाते, की बाप ड्रायव्हर आहे याची लाज वाटायचं वय झालंय?

इकडे ठीक. बेकरी चालू आहे. भट्टीपाशी आता हे उभे राहतात, मी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाइकं विचारतात, "मालकीणबाई, बेकरीत राहून एवढ्या वाळलात कशा?" मी म्हणते, "ताजा माल सगळा तुम्हीच नेता की!"

वाळले, कारण माझं पोट काढलंय, दादा. अख्खं. अन्ननलिका सरळ आतड्याला जोडलीय. घासभर खायचं, थांबायचं, पुन्हा घासभर. घाईने गिळलं की दरदरून घाम फुटतो, घर फिरायला लागतं.

लागली पुन्हा डॉक्टरांच्या नादी, असं म्हणशील. मीच हट्टाने हॉस्पिटलात नेलेली आपली धाकटी बहीण गेली, तेव्हा तिथल्या फाटकात सगळ्यांदेखत तू मला म्हणालास, "तिला तू मारलंस. घरी राहिली असती तर जगली असती." तेव्हापासून आपण बोललो नाही. दुर्बिणीच्या तपासण्या चांगल्या आलेली पोरगी पोटाच्याच कॅन्सरने कशी जाते, हे मलाही कळत नव्हतं.

उत्तर नंतर मिळालं. तिच्या सर्जनबाईंनी मला बोलावून विचारलं, "तुमची आई कशानं गेली?"

म्हटलं, "पोटाच्या दुखण्यानं. ऐन पस्तिशीत."

त्या लिहायच्या थांबल्या. माझं रक्त आणि धाकटीचा जपून ठेवलेला नमुना तपासायला पाठवला. आईच्या रक्तातला, जनुकातला म्हणतात तो, एक बिघाड धाकटीकडे आणि माझ्याकडे आला होता. फार क्वचित एखाद्या घराण्यात सापडतो म्हणाल्या. त्यातून होणारा कॅन्सर गाठ करून बसत नाही, पोटाच्या भिंतीत आतल्या आत विखुरतो. दुर्बिणीला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

"मग उपाय काय?"

"पोट काढून टाकणं."

"पण मला काहीच होत नाहीये."

"म्हणूनच आता."

हे ऐकून यांचं डोकंच फिरलं. "धडधाकट पोट कुणी कापून देतं का?" म्हणून माझ्यावर ओरडले आणि मग भट्टीमागे जाऊन रडले. माझी दुर्बिणीची तपासणीही स्वच्छ आली होती. पीठ मळता मळता मी ठरवायची, नाही करायचं. पाव भाजून होईपर्यंत वाटायचं, करावं. शेवटी धाकटीच्या घशाखाली पाण्याचा घोटही उतरत नव्हता ते आठवलं आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. एवढंच लिहून पत्र संपवत होते. पण हे मागे उभं राहून वाचताहेत. म्हणतात, "पुढचं लिही. त्यासाठीच तर बसलीस ना?"

काढलेलं पोट तपासलं, तर त्यात कॅन्सर होता. तपासणीत स्वच्छ दिसलेल्या त्याच पोटात. आणि तो शेजारच्या ग्रंथींपर्यंत पोचलाही होता. सर्जनबाई टेबलापलीकडची आपली खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसल्या, तेव्हाच समजले मी. औषधं चालू आहेत. किती काळ, ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

कीव कर म्हणून लिहीत नाहीये, दादा. वहिनी मला अधूनमधून फोन करते, तिच्यावर रागावू नकोस. परवा बोलता बोलता म्हणाली, तू ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात घेऊनच बस चालवतोस, ताटात अर्धं जेवण टाकून उठतोस. तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं. तिला यातलं काही बोलले नाही, आधी तुला कळायला हवं.

असेल नुसती ॲसिडिटी. पण आईचा तो बिघाड तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. तुझ्यात असला तर छोटीत येण्याचीही तितकीच. आणि तुझ्यात नसला तर आपली छोटी यातून सुटली, कायमची. एका सुईचं काम आहे रे.

सर्जनबाईंशी मी बोलून ठेवलंय. पुढच्या गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी त्यांनी तुला बोलावलंय. त्या दिवशी बस दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे. त्यांच्या खोलीबाहेर लांब बाक आहे, तू त्या टोकाला बस, मी या टोकाला बसेन. माझ्याशी बोलू नकोस. धाकटीला मीच मारलं असं अजूनही वाटत असेल तर वाटू दे. पण ये.

छोटीला इतक्यात काही सांगू नकोस. पोरीला चार दिवस सुखाने हसू दे. आधी आपण दोघं बघू.

तिला माझे खूप आशीर्वाद.

तुझी उरलेली बहीण