बंदिस्त सज्जा

ता. ४ मार्च

चि. सौ. भुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू नीट पोचल्याचं पत्र मिळालं. काळजी मिटली.

ताई गेल्यावर घर कसं वाटतं असं तू विचारलं आहेस. घर तसंच आहे. मी अजून गॅलरीतच झोपतो. आतल्या खोलीत पलंग रिकामा आहे, पण तिकडे जाऊन आडवं व्हायला मन धजत नाही. सकाळी ती आतून गॅलरीच्या काचेवर बोटाने टकटक करायची, तेव्हा मी उठायचो. आता आपोआप जाग येते, तरी थोडा वेळ पडून राहतो. दुकानात मालकांनी ताईच्या नव्या चष्म्याचं काय करायचं म्हणून विचारलं. काचा मी घासून ठेवल्या होत्या, फ्रेममध्ये बसवायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, असू देत.

आता कामाचं. गृहकार्यालयाचं पत्र आलं आहे. घर ताईच्या नावावर, तिच्या इस्पितळातल्या शिवणखात्याच्या नोकरीमुळे मिळालेलं. भाडेकरू वारला की घर त्याच्या कुटुंबाकडे जातं. कुटुंब नसेल तर उन्हाळा संपायच्या आत रिकामं करायचं. मी कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने नियमांचं पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाला, काका, पहिलं प्रकरण वाचा, सगळं त्यातच आहे. पहिलं प्रकरण म्हणजे नुसत्या व्याख्या. घर म्हणजे काय, खोली म्हणजे काय, जिना म्हणजे काय. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी केलेली पायऱ्यांची रचना म्हणजे जिना. ताई असती तर म्हणाली असती, हे लिहायला पगार देतात आणि आपल्याला काजं-बटणं करायला लावतात.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, आईवडील, आणि वार्षिक तपासणीत रहिवासी म्हणून नोंदलेले भाऊबहीण. ते वाचून हायसं वाटलं. मग त्याने तपासणीचे शेरे काढले. दर वर्षी तेच वाक्य: भाडेकरू बाई एकट्या राहतात. त्याने विचारलं, मग तुम्ही नक्की राहता कुठे? मी ते नियमांचं पुस्तक घरी न्यायला मागून घेतलं आणि निघालो.

तुला ही गोष्ट आम्ही कधी सांगितली नाही. माझी खानावळीवरची खोली गेली तेव्हा मी ताईकडे चार दिवसांसाठी म्हणून आलो. नियमात दाटी नावाचा एक शब्द आहे. नवराबायको नसलेले प्रौढ स्त्री-पुरुष आणि झोपायची खोली एकच, तर ती दाटी. दाटी आढळली तर घर जाऊ शकतं. स्वयंपाकघर खोलीत धरत नाहीत, गॅलरीही धरत नाहीत, असं ताईने कुणाकडून तरी ऐकलं. म्हणून तपासणीच्या दिवशी मी गादी गुंडाळून खालच्या बॅंडमास्तरांकडे ठेवायचो, कपड्यांची पेटी पलंगाखाली सारायची, आणि दिवे लागेपर्यंत दुकानात बसून राहायचं. ताई गॅलरीत कुंड्या मांडून ठेवायची. त्याला ती माझा वनवास म्हणायची. एवढ्या वर्षांत आम्ही एकदाही चुकलो नाही.

काळजी करू नकोस. घरातल्या सर्वांना माझा नमस्कार सांग, आणि लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
दादा


ता. ११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि हातातलं भांडं तसंच नळाखाली राहिलं. तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात. मी दर वर्षी त्याच सुमाराला यायचं म्हटलं की ताई काहीतरी कारण काढायची. एकदा म्हणे रंग लावायचाय, एकदा म्हणे घशाला सूज. मला वाटायचं मी बडबडते म्हणून तिला नको असते. एकदा तर मी तीन महिने अबोला धरला होता, आठवतं? आणि तिकडे तू गादी पाठीवर टाकून जिना उतरत होतास.

हे म्हणाले की शेजाऱ्यांना साक्षीला ने. बॅंडमास्तर आहेत, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आहेत. सगळ्या इमारतीने तुला रोज दाढी करताना पाहिलंय, आणि कार्यालयाला तू दिसत नाहीस, हे कसं? आणि ती तपासणीला येणारी बाई, तिला जाऊन भेट. तोंड उघडून सांग. तुझं नेहमीचं आहे, दाराची कडी वाजली की तू मागच्या मागे. लहानपणी पाहुणे आले की तू माळ्यावर चढायचास आणि आई मला वर बिस्किटं घेऊन पाठवायची. त्यातली निम्मी मी खायचे, ते आज सांगते.

आमच्याकडे ये असं मी म्हणणारच, आणि तू नाही म्हणणार हेही मला ठाऊक आहे. पण थोरला नोकरीला बाहेर गेल्यापासून त्याचा कोपरा रिकामा आहे. ह्यांच्या नोकरीमुळे मिळालेलं डेपोचं घर लहान असलं तरी तुला गॅलरीत झोपवणार नाही.

ताईचं तिकडचं सामान एकट्याने आवरू नकोस. मी येईन. मला सारखं वाटतं की तिचं पत्र यायचं राहिलंय. पोस्टमन गेला की मग आठवतं.

सासूबाईंचे तुला आशीर्वाद. रागावले असले तरी तुझीच,
भुंगी


ता. २ एप्रिल

चि. सौ. भुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला उशीर झाला. तुझं ऐकून सगळीकडे गेलो.

मास्तर आणि नर्सबाई दोघंही माझ्याबरोबर कार्यालयात आले. मास्तरांनी तर बॅंडचा कोट घातला होता, जरा वजन पडावं म्हणून. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही, पण नियमात रहिवासी म्हणजे तपासणीत आढळलेला माणूस. शेजाऱ्यांना आढळलेला चालत नाही. बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, साहेबांच्या घरी उद्या त्यांची बायको तपासणीत आढळली नाही तर काय करणार आहेत? नर्सबाईंनी त्यांना दटावलं.

परत आल्यावर व्याख्या पुन्हा वाचल्या. खोलीच्या व्याख्येनंतर दोन पानं सोडून एक टीप आहे. सज्जा बंदिस्त असेल, त्याला उघडणारी खिडकी असेल आणि भाडेकरूने तसं लेखी कळवलं असेल, तर तो झोपण्याची खोली धरावा. आपल्या गॅलरीला काच आहे, खिडकी आहे. ताईने एक ओळ लिहून कळवलं असतं तर पुरलं असतं. दाटी झालीच नसती. पण आम्हाला वाटायचं, विचारायला गेलो की लक्षात येईल. म्हणून कुणाला विचारलंच नाही. ताईला हे कळलं नाही, ते बरं झालं.

तपासनीस बाईंना भेटायला जाणार होतो, तर त्या स्वतःच घरी आल्या. ताईला जाऊन इतके दिवस झाले, आता येतेय, असं म्हणाल्या. मी चहा केला. त्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि गॅलरीकडे बघून म्हणाल्या की मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मोरीत दाढीचा ब्रश. दाराशी पुरुषाच्या चपलेचा ठसा. आणि कुंड्या एकाच दिवशी आणून मांडल्यासारख्या, खाली पाण्याचा एक डाग नाही. ताईला दंड होऊ नये म्हणून त्यांनी बाई एकट्या राहतात असं लिहिलं, आणि एकदा लिहिल्यावर दर वर्षी तेच लिहिलं.

एका वर्षी गॅलरीची काच तडकली होती. तेव्हा त्या ताईला म्हणाल्या होत्या की ही काच लवकर बदलून घ्या, कुंड्यांना थंडी बाधेल. त्या संध्याकाळी ताई मला सांगून पोट धरून हसली होती. म्हणाली, बाई बहुतेक कुंड्यांना स्वेटरही घालते. दुसऱ्या दिवशी तिने काच बदलून घेतली. हे बाईंना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा नंबर बदललाय हे माझ्या लक्षात आलं.

त्या म्हणतात की मी खरं लिहून देते. मी चूक केली होती, हे गृहस्थ इथेच राहत होते, असं. तसं लिहून दिलं तर घर मला मिळेल. त्यांच्या नोकरीचं थोडंच राहिलं आहे. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. तुझा लोभ या दिवसांत फार उपयोगी पडतो.

तुझा,
दादा


ता. ९ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. यात विचार कसला करायचा? त्या स्वतःहून म्हणताहेत तर लिहू देत. तू त्यांना नको लिहू म्हणणार, हे मला इथे बसून दिसतंय. तुझ्यासाठी कुणी ताटात वाढलं तर तू ताटच शेजाऱ्याकडे सरकवतोस.

दादा, जरा कडक लिहिते. त्या घरात ताईचं सगळं आहे. तिचं मशीन, तिची खिडकी, तिने बसवलेली काच. तू इतकी वर्षं तिच्यासाठी घरात असून नसल्यासारखा राहिलास. एकदा तरी जागेवर बसून राहा. कुणी काही विचारलं तर हो म्हण, मी इथेच राहतो.

सासूबाई म्हणाल्या, फार लागेल असं लिहू नकोस. लिहून झालंय, आता खोडत नाही. आमचं घर तुझंच आहे हे वेगळं सांगत नाही, पण मला तू तुझ्या घरात हवा आहेस.

रागाने लिहिलेल्यातलं प्रेम तेवढं ठेवून घे.

तुझी,
भुंगी


ता. ३ मे

चि. सौ. भुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही, म्हणून रागही आला नाही.

मी कार्यालयात हो म्हणायला निघालो होतो. जिन्यात मास्तर भेटले. बाई लिहून देणार आहेत असं मी सांगितलं तसे ते कठड्याला धरून उभे राहिले. त्यांची म्हातारी आत्या स्वयंपाकघरात झोपते, तिची नोंद नाही. नर्सबाईंचा दीर त्यांच्या मागच्या बोळवजा जागेत असतो, त्याचीही नाही. बाईंनी एकट्या आपल्यालाच सांभाळलं नव्हतं. एक शेरा खोटा ठरला की साहेब सगळ्या इमारतीचे शेरे काढायला लावणार. मास्तर मला जाऊ नका असं म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, तुमचा हक्क आहे, तुम्ही जा. पण त्यांचा हात कठड्यावरून निघाला नाही.

मी परत वर आलो आणि बाईंना निरोप पाठवला की लिहू नका. मी मोठेपणा केला असं समजू नकोस. चौकशीत ताईचं नाव निघालं असतं, ती लपवाछपवी करायची असं कुणीतरी कागदावर लिहिलं असतं, आणि ते मला बघायचं नव्हतं. हेही कारण आहे. किती कुठलं आणि किती कुठलं, ते मला वेगळं करता येत नाही.

काल घराचा ताबा दिला. मधे तू येऊन ताईचं सामान आवरून गेलीस तेव्हा माझं हे ठरलं नव्हतं; त्यानंतर घरात फारसं उरलं नव्हतं. मशीन नर्सबाईंकडे दिलं, त्यांना येतं. तपासणीला बाईच आल्या. आजवर तपासणीला त्या आल्या की मी नसायचो, काल प्रथमच त्यांच्याबरोबर घरभर फिरलो. त्यांनी नळ सोडून पाहिला, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या, भिंतीवर ओल आहे का ते हाताने बघितलं. पलंग होता त्या जागी फरशी वेगळ्या रंगाची दिसते. तिथे त्या थोड्या थांबल्या, मग पुढे गेल्या. गॅलरीत आल्यावर त्यांनी खिडकी उघडली आणि मिटली, आणि कागदावर लिहिलं, झोपण्याच्या खोल्या दोन. मी म्हटलं, बाई, हे चालेल का? त्या म्हणाल्या की सोडलेल्या घरांचे कागद कुणी वाचत नाही.

ताबा देणारा म्हणजे घरात राहत असलेली आणि घर सोडून जाणारी प्रौढ व्यक्ती, अशी व्याख्या आहे. तिथे त्यांनी माझं नाव विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं, मी सही केली. मी त्या घरात राहत होतो असं लिहिलेला तेवढा एकच कागद आहे. मग त्यांनी किल्ली घेतली. मास्तर खालपर्यंत आले.

सध्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. मालकांनी आपणहून विचारलं. पण इथे फार दिवस राहणं बरं दिसत नाही. तू थोरल्याच्या कोपऱ्याचं लिहिलं होतंस. सासूबाईंना आणि यजमानांना खरंच चालणार असेल तर येतो. मला अंगणाकडची, आतली, कुठलीही जागा चालेल. फक्त एक कर. तुमच्या डेपोच्या कार्यालयाला आधी एक ओळ लिहून कळव की माझा भाऊ आमच्याकडे राहायला येतो आहे. त्यांचं काय उत्तर येतं ते मला सांग. ते आलं की मी निघेन, तोवर नाही.

मुलांना आशीर्वाद. तुझ्या लोभाची मला आता नेहमीपेक्षा जास्त गरज आहे, एवढं लिहून पुरं करतो.

तुझा,
दादा