खांबावर दोन शब्द बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
प्रौढ कारागीर प्रशिक्षण केंद्र, लातूर.

विषय : वायरमन मदतनीस प्रात्यक्षिक परीक्षेत खांबावर बोलण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच सौ. सिंधु बजरंग पवळे यांचा रोखलेला निकाल लावणेबाबत.
संदर्भ : ‘अनुत्तीर्ण, मानसिक तपासणी आवश्यक’ या शेऱ्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती राजकन्या भुजंग केंद्रे, शिक्षण सातवी, ही अहमदपूर तालुक्यातील रहिवासी आहे. तिचे पती कै. भुजंग हे ठेकेदाराकडे लाईनवर मदतनीस होते. गेल्या वर्षी नायगावकडे ते दुरुस्तीसाठी खांबावर चढले. पुरवठा बंद होता, परंतु कोणाच्या तरी जनरेटरचा प्रवाह उलटा तारेत आला व ते जागीच गेले. त्याआधी त्यांनी वरून “बंद हाय न्हवं?” असे विचारल्याचे रस्त्यावरच्या लोकांनी ऐकले. सोबतचा माणूस पाना आणायला गाडीकडे गेला होता. उत्तर द्यायला खाली कोणी नव्हते.

२. प्रमाणपत्र आणल्यास कामावर घेऊ, असे ठेकेदाराने कबूल केले. म्हणून अर्जदाराने आपल्या केंद्रात नाव घातले. लग्नानंतर प्रथमच तिने हातात पेन धरले. सुरुवातीला फळ्यावरची आकृती तिला उलटी दिसे. बाकावर शेजारी बसणाऱ्या सिंधुबाईंनी ती तिला बोटाने गिरवून दाखविली. लेखी परीक्षेत दोघी पास झाल्या.

३. प्रात्यक्षिकाच्या दिवशी अर्जदार पट्टा बांधून वर चढली. तारेला हात लावणार तोच वरच्या बाजूने, अगदी कानाजवळ, पतीचा आवाज आला, “बंद हाय न्हवं?” अर्जदाराच्या वर कोणीही नव्हते. तिने उत्तर दिले, “अवो, बंद हाय. उतरा आता.” मग तिने जोडणी केली. जोडणी बरोबर होती, तरी परीक्षकांनी शेरा लिहिला की उमेदवार एकटीच बोलते, सबब कामास अयोग्य.

४. फेरपरीक्षेत तोंड उघडायचे नाही, अशी ताकीद मिळाली. अर्जदाराने ती पाळली. आवाज आला, ती गप्प राहिली. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो आवाज घाबरलेला होता. अर्जदाराचे हात तारेपाशी गोठले. हे खालून सिंधुबाईंनी पाहिले व त्या ओरडल्या, “बंद हाय गं राजकन्या, बंद हाय!” परीक्षकांनी ही बाहेरून केलेली मदत ठरवून अर्जदारास पुन्हा अनुत्तीर्ण केले आणि कॉपीच्या कलमाखाली सिंधुबाईंचाही निकाल रोखला. वास्तविक सरावाच्या त्या खांबाला वीज जोडलेलीच नाही. तेव्हा सिंधुबाईंनी कोणत्या प्रश्नाचे उत्तर फोडले, हे कळावे.

५. संदर्भातील पत्रानुसार अर्जदाराने नांदेडला तपासणी करून घेतली. दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकून घेतले. शेवटी त्यांनी विचारले, “उत्तर दिल्यावर आवाज थांबतो का?” अर्जदार “हाव” म्हणाली. त्यांनी ‘कामास योग्य’ असे लिहिले.

६. तरी सिंधुबाईंचा निकाल प्रथम लावावा. त्यांच्या घरी दुसरे कोणी कमावते नाही व त्यांचा दोष एवढाच की त्या वेळेवर बोलल्या. अर्जदारास तिसऱ्या व अखेरच्या संधीत ‘बंद हाय’ हे दोन शब्द बोलू द्यावेत. ती हळू बोलेल. नियमात बसत नसेल तर साहेबांनी स्वतः खाली उभे राहून बोलावेत.

७. त्याऐवजी शिवणकामाच्या वर्गात नाव बदलून देण्याचे आपण सुचविले, त्याबद्दल आभार. अर्जदाराने त्यावर विचार केला. घरात, रानात, लातूरच्या एस.टी.त तिने कान देऊन पाहिले. तिथे ते काहीच बोलत नाहीत. खांबावर तेवढे बोलतात. सबब वर्ग बदलू नये, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही) राजकन्या भुजंग केंद्रे
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : वैद्यकीय दाखला; सौ. पवळे यांचे संमतिपत्र.